एका नामालूम बाईचं चालान

निजामाच्या राज्यात मला एकदा सजा झालेली आहे.

हे वाक्य चारचौघांत बोललो की लोक एकदम सावरून बसतात. कुणी खुर्ची पुढं ओढतो, कुणी आवाज खाली आणून आदरानं विचारतो, "सत्याग्रहात का, मास्तर?"

मी म्हणतो, "नाही. डबलसीट."

मग खुर्ची परत मागं जाते.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मुरूममध्ये राहत होतो. उर्दू घेऊन मिडल पास झालो होतो. त्या काळात कचेरीचा कागद उर्दूत, अदालत उर्दूत, पोलिसाची शिवीसुद्धा उर्दूत. त्यामुळं गावात कुणाला समन आलं की वाचायला माझ्याकडं आणायचे. समन दुसऱ्याला आलेलं असायचं आणि छाती माझी फुगायची! गावातल्या सरकारी मदरशात (शाळेला तेव्हा मदरसा म्हणत) मास्तरची जागा रिकामी झाली होती. मी अर्ज टाकला होता. उमरग्याच्या शिक्षण कचेरीतून उलट टपाली उत्तर आलं, की बाकी सगळं ठीक आहे, फक्त पोलिसांकडून चालचलणुकीचा दाखला आणा. माझी चालचलणूक इतकी सरळ होती, की मी दाखल्याची काळजीच केली नाही. काळजी करायला हवी होती ती सायकलीची.

सायकल मी नुकतीच घेतली होती. माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते आणि दोघांच्याही गुडघ्यांना खुणा होत्या. तिला ब्रेक होता, पण तो दाबल्यावर ती थांबायची नाही, नुसती किंचाळायची. घंटी वाजायची नाही, बाकी सगळं वाजायचं. तरीही मुरूमसारख्या गावात सायकल म्हणजे सायकल! मी तिच्यावरून निघालो, की म्हातारी माणसं ओट्यावरून पाय वर घ्यायची. मला तो मान वाटायचा.

अशात माझ्या सासूबाई लेकीकडं पंधरा दिवस राहायला आल्या. नाव बसव्वा. गाव आळंदच्या बाजूला, म्हणजे सगळा कारभार कानडीत. त्यांना मराठी यायची, पण ती घरातल्या घरात. राग आला, आनंद झाला किंवा समोर परका माणूस आला, की मराठी जी पळायची ती दोन-दोन दिवस घरी यायची नाही. अंगानं भरभक्कम, आवाज तसाच, आणि स्वभाव असा की नवी वस्तू दिसली की हात लावून बघितल्याशिवाय राहवायचं नाही. पंधरा दिवसांत त्यांनी माझ्या सायकलीचं पायडल किती वेळा फिरवलं असेल त्याला गणती नाही. रोज संध्याकाळी त्या तिच्याभोवती एक फेरी मारायच्या. मला वाटायचं, जावयाचं कौतुक चाललंय!

जायचा दिवस उजाडला. बाजारचा दिवस होता. आळंदकडं जाणारी मोटार आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी सुटायची आणि तीही गावाच्या दुसऱ्या टोकाहून. छकडा जुंपला, गाठोडं ठेवलं, बसव्वाबाईंनी एक पाय वर टाकला आणि छकड्याचा कणा कडाडकन मोडला.

"आता गं?" माझी बायको शांतव्वा म्हणाली. "मोटार तर सुटंल की."

"पायी गेलो तर न्हाय गावायची," मी म्हणालो.

बसव्वाबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, ती हाय की उभी."

"कोण?"

"सायकल."

शांतव्वानं कपाळाला हात लावला. "आई, खुळी का काय तू? सायकलीवर बसतीस व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक मला सोडायला येणारेत का मोटारीपत्तुर? न्हाय ना? मग म्हनू दे."

"आत्याबाई," मी चाचरत म्हणालो, "कॅरियर जरा नाजूक आहे."

"लोखंडाचंच हाय न्हवं?" असं म्हणून त्या बसल्यासुद्धा! मांडीवर गाठोडं घेतलं. गाठोड्यात लेकीनं दिलेल्या कडक भाकऱ्यांची चळत होती. खरं तर लेकीनं दिल्या एवढंच. थापल्या होत्या बसव्वाबाईंनीच. तीळ लावलेल्या, पापडासारख्या कडक, महिनाभर टिकणाऱ्या. त्यांच्या हाताच्या कडक भाकरीची त्या भागात ख्याती होती आणि ती त्यांना ठाऊक होती.

पहिल्या वळणापर्यंत मी सायकल चालवत होतो. पुढं उतार लागला आणि सायकल मला चालवायला लागली.

मारुतीच्या देवळापासून बाजारापर्यंत सरळ उतार. मागं बसव्वाबाई. ब्रेक दाबला, तो किंचाळला. "आत्याबाई, घट्ट धरा!" मी ओरडलो. मागून उत्तर आलं, वाऱ्यात शब्द कळले नाहीत, पण कानडीत होतं, म्हणजे एकतर राग आला होता नाहीतर आनंद झाला होता. मागं वळून बघायची सोय नव्हती.

बाजाराच्या चौकात गफूरमियाँ उभे होते. हे पोलीस जवान बीदरहून बदलून येऊन आठच दिवस झाले होते. बाजारच्या दिवशी चौकात बैलगाड्यांचा गुंता व्हायचा, तो सोडवायला त्यांना उभं केलं होतं. त्यांनी आम्हाला पाहून हात वर केला.

"रुको!"

मी ओरडलो, "सरका!"

बसव्वाबाईंना वाटलं, शिपाई सलाम करतोय. त्यांनीही हात वर केला. त्या हाताखालचं गाठोडं सुटलं. कडक भाकऱ्या एकेक करून चौकभर उडाल्या, त्यातली एक जाऊन गफूरमियाँच्या पगडीवर बसली आणि आम्ही दोघं सायकलीसकट वाळल्या मिरच्यांच्या ढिगात शिरलो!

कुणाला काही लागलं नाही. पण मिरच्या उधळल्या आणि अख्खा चौक शिंकायला लागला. मी शिंकतोय, बसव्वाबाई शिंकतायत, मिरच्यांची मालकीण शिंकता शिंकता शिव्या देतेय, बैल शिंकतायत. गफूरमियाँनी डोळे पुसत चालान-बुक काढलं.

"नाम?"

मी दोन शिंकांच्या मधल्या फटीत नाव सांगितलं.

"और ये औरत कौन?"

मी तोंड उघडलं. शिंक आली. पुन्हा उघडलं. पुन्हा शिंक. तिसऱ्यांदा "सा..." इतकं बाहेर पडलं आणि तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. बसव्वाबाईंनी लुगडं झटकलं आणि त्या वयातल्या, त्या वजनाच्या बाईनं जे पळावं असं कुणाला वाटलं नसतं, तसं पळत जाऊन मोटार गाठली.

"कहाँ गई?" गफूरमियाँ.

"आक्छी!"

गफूरमियाँनी मान हलवली आणि लिहिलं. माझ्या शिंका थांबेपर्यंत चालान फाटून माझ्या हातात आलं होतं आणि विखुरलेल्या भाकऱ्या गोळा होऊन, पोत्यात बांधून, मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या होत्या.

घरी येऊन मी ते चालान वाचलं. बिनघंटीची सायकल, ठीक. इशाऱ्यावर न थांबणे, ठीक. पण शेवटची ओळ मी तीनदा वाचली. लिहिलं होतं, 'एक नामालूम औरत को साथ बिठाकर.'

"म्हंजी काय?" शांतव्वानं विचारलं.

"म्हणजे... एका अनोळखी बाईला सोबत बसवून."

शांतव्वा हसायला लागली. ती हसून हसून भिंतीला टेकली. "अगं बाई! आई अनोळखी!"

"हसू नकोस!" मी ओरडलो. "ह्याच ठाण्यातून माझा चालचलणुकीचा दाखला जाणार आहे. पोरांना शिकवायला निघालेला मास्तर, भर बाजारात, नामालूम औरत घेऊन सायकलीवर!"

मी तसाच ठाण्यात गेलो. गफूरमियाँ भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जो लिखा, सो लिखा. चालानमध्ये खाडाखोड आपल्याला करता येत न्हाय, भाई. दोन रुपये भरा, खलास. न्हायतर उमरग्याला अदालतीत जाऊन सांगा."

"दोन रुपये भरून मोकळं व्हा," घरी आल्यावर शांतव्वा म्हणाली.

"पैसे भरणं म्हणजे कबुली. नामालूम बाईची कबुली!"

"मग सांगा की ती माझी आई हुती म्हणून."

"म्हणजे डबलसीटची कबुली! गुन्हेगार मास्तराला नेमतील का ते?"

"पर डबलसीट तर हुतंच की."

मी तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. (बायकांना कायद्यातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा मानत असे. तेव्हा मी बरंच काही मानत असे.) त्या रात्रभर विचार करून मी तिसरा मार्ग शोधून काढला. सायकलीवर बाई नव्हतीच! सासूबाई पायी चालत होत्या आणि मी सभ्यपणे सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालत होतो. कॅरियरवर होतं ते फक्त गाठोडं. म्हणजे नामालूम औरतही गेली आणि डबलसीटही गेलं. साक्षीदार? खुद्द सासूबाई! वकील? कशाला? मिडल पास, उर्दू पहिल्या नंबरात!

तारीख पडली महिन्याभरानं. मी आळंदकडं निरोप धाडला, की आत्याबाई, अदालतीत साक्षीला या. निरोप्या सांगत आला, "बाई लई खूश झाल्या." मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी बसव्वाबाई आल्या. नवं इरकली लुगडं, कमरेला चांदीचा पट्टा, नाकात ठेवणीतली नथ. आणि त्यांच्या मागं दोन बैलगाड्या भरून त्यांचं गाव!

"हे सगळे कशाला?" मी घाबरून विचारलं.

"बघायला," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं, अदालतीनं मला बोलावलंय, सायकलीवर कशी बसलीस ते इचारायला."

मी त्यांना बाजूला घेऊन बसलो आणि सगळं समजावलं. "आत्याबाई, उद्या एवढंच सांगायचं, की मी चालत होते. मी सायकलीवर बसले नव्हते."

"बसले नव्हते?"

"नव्हते."

त्यांनी नाकातली नथ सारखी केली. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय काय सांगायचं ते. तुमी निवांत झोपा, जावईबापू."

मी निवांत झोपलो. शांतव्वा तेवढी जागी होती. कशी झोपेल? आईला ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षं जास्त ओळखत होती.

उमरग्याच्या अदालतीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मुन्सिफसाहेब म्हणजे पांढऱ्या दाढीचे, काळ्या शेरवानीतले, चष्म्यावरून बघणारे म्हातारे गृहस्थ. माझा पुकारा झाला. मी पुढं होऊन असा काही आदाब केला, की पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, लिहिता लिहिता वर पाहिलं. आधी गफूरमियाँची साक्ष झाली. त्यांनी सरळ सांगितलं, सायकल आली, बाई होती, हात वर केला, थांबली नाही, मिरच्या. मग मी उभा राहिलो. काय ती उर्दू! 'जनाबे आली'नं सुरुवात केली. सायकल हातात धरून चालणाऱ्या एका शरीफ तरुणाचं असं चित्र उभं केलं, की मलाच त्या तरुणाबद्दल आपुलकी वाटायला लागली.

"आणि तुम्ही चालत होतात, तर मिरच्यांच्या ढिगात कसे शिरलात?" साहेबांनी उर्दूत विचारलं.

"हुजूर, ठेच लागली."

"दोघांना?"

"...हुजूर, एकच दगड होता. पण मोठा होता."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. "गवाहला बोलवा."

बसव्वाबाई आल्या. त्यांनी अदालतीला, साहेबांना, पेशकाराला आणि भिंतीवरच्या घड्याळाला नमस्कार केला. साहेबांनी नाव विचारलं. समोर परका माणूस, त्यातून एवढा आनंदाचा दिवस. मराठी पळाली! उत्तर आलं घणघणीत कानडीत.

पेशकार गडबडला. "साहेब, मुतर्जिम रजेवर आहे. पुतण्याचं लग्न आहे त्याच्या."

मुतर्जिम म्हणजे साक्षीचं भाषांतर करणारा कारकून. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "इथं कानडी आणि उर्दू दोन्ही कुणाला येतं?"

बसव्वाबाईंचं गाव होतं, त्यांना उर्दू येत नव्हती. पेशकाराला आणि गफूरमियाँना कानडी येत नव्हती. मला सासुरवाडीमुळं कानडी येत होती. मी हळूच हात वर केला. साहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. दाढीत काहीतरी हललं. मला वाटलं, माझ्या उर्दूचं कौतुक वाटलं असेल.

"चलो," ते म्हणाले, "मुल्जिम ही तरजुमा करे."

मी आरोपी, मीच वकील आणि आता मीच दुभाष्या! देव एवढा प्रसन्न झालेला मी कधी पाहिला नव्हता. आता सासूबाई काहीही बोलल्या, तरी अदालतीत जाणार ते मी सांगेन तेच.

"विचारा, त्या दिवशी त्या कशा जात होत्या?"

मी कानडीत विचारलं. बसव्वाबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी साहेबांकडं बघून सांगितलं. (त्या कानडीत बोलल्या, मी मराठीत देतो.) "सायकलीवर. मागं बसून. आमच्या साऱ्या भागात सायकलीवर बसलेली बाई म्या एकटी!"

मागं गावानं माना डोलावल्या.

मी साहेबांना सांगितलं, "हुजूर, गवाह म्हणते, मी पायी चालत होते."

साहेबांनी मान हलवली. "सायकल कुठं होती?"

"माझ्या बुडाखाली," बसव्वाबाई.

"हुजूर, जावयाच्या हातात."

"रफ्तार काय होती?"

"काय पळत होती म्हणून सांगू! मारुतीचं देऊळ आलं अन् गेलं, मला हात जोडायलासुदिक वेळ मिळाला न्हाय!"

"हुजूर, वाटेत देवदर्शन करत निघालो होतो."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग त्यांनी मुद्देमाल उघडायला सांगितला. लाखेची मोहोर फोडून पोतं सोडलं. आतून मोडक्या भाकऱ्या निघाल्या. महिना उलटला होता, तरी बुरशीचा ठिपकाही नव्हता.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

पेशकारानं एक तुकडा उचलून बघितला. "पापड है, साहेब."

'पापड' हा शब्द उर्दूतही पापड आणि मराठीतही पापडच. बसव्वाबाईंना तो कळला आणि अदालत हादरली! त्या पुढं सरसावल्या, पेशकाराच्या हातातून तुकडा काढून घेतला आणि बोलायला लागल्या ते थांबेनात. पापड कुणाला म्हणतोस? भाकरी आहे ती, माझ्या हातची! एकूण चाळीस होत्या, त्यातली एकही घरून निघताना मोडकी नव्हती. आणि आता बघा चुरा! मी पायी चालत असते, तर ह्यातली एक तरी मोडली असती का? विचारा ह्या जावयाला!

बोलून झाल्यावर त्यांनी श्वास घेतला. सगळ्या खोलीनं घेतला.

मी घसा साफ केला. "हुजूर, गवाह म्हणते, भाकरी माझी आहे."

"बस्?" साहेब म्हणाले. "इतनी लंबी बात का इतना छोटा तरजुमा?"

"कानडीत शब्द लांब असतात, हुजूर."

साहेबांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, बसव्वाबाईंकडं वळले आणि अगदी साध्या, स्वच्छ कानडीत म्हणाले, "अव्वा, अंजिकी बंतेनु?"

आई, भीती वाटली का?

मी पेशकाराचं टेबल धरलं. गावातून एक 'आँ' निघाला. साहेब तसेच शांत आवाजात मला म्हणाले, "बारा वर्षं गुलबर्ग्यात काढलीत आम्ही. साक्षीचा तरजुमा कुणीतरी दुसऱ्यानं करायचा, असा कायदा आहे, म्हणून गप्प होतो. आता आपण जरा गप्प बसा."

बसव्वाबाईंना माझं काय झालं ते दिसलंच नाही. त्यांना आपल्या भाषेत विचारणारा माणूस भेटला होता. त्या कठड्याला हात टेकून सावकाश बोलायला लागल्या. भीती? न्हाय, साहेब. जन्मभर गाडीत बसले, ती मागं, पडदा सोडून, बापाच्या न्हायतर मालकाच्या पाठीला पाठ लावून. समोरचा रस्ता कधी दिसलाच न्हाय, मागं गेलेला तेवढा दिसायचा. त्या दिवशी वारं तोंडावर आलं. पदर उडाला डोक्यावरचा अन् म्या तो धरला न्हाय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा धरला न्हाय. अन् हा जावई म्हणतो, सांगा की चालत होते. मी का सांगू, साहेब? पुन्हा कोण बसवणार हाय मला?

गफूरमियाँ खाली बघत होते. मीही खाली बघत होतो, पण माझं कारण वेगळं होतं. एवढा वेळ मी माझी अब्रू, माझी नोकरी, माझी उर्दू सांभाळत होतो आणि त्यासाठी ह्या बाईच्या हातून तिची एवढीशी सैर काढून घ्यायला निघालो होतो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं.

"हुजूर," मी म्हणालो, "गवाह जे सांगते, ते सगळं खरं आहे." त्या दिवसाचा माझा पहिला बरोबर तरजुमा!

साहेबांनी निकाल लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला. 'नामालूम औरत' हे शब्द खोडून त्या जागी 'मुल्जिम की खुशदामन साहिबा' असं लिहावं. (सासूला उर्दूत इतका सुंदर शब्द आहे, हे पहिला नंबर काढूनही मला माहीत नव्हतं.) डबलसीट, बिनघंटी वगैरेचा दंड दोन रुपये. आणि चुकीचं भाषांतर केल्याबद्दल मुल्जिमानं अदालत उठेपर्यंत कोपऱ्यात उभं राहावं.

"साहेब," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "माझा चालचलणुकीचा दाखला..."

"चालचलणूक चांगली आहे," साहेब म्हणाले. "सासूला मोटारीपर्यंत पोचवणारा माणूस आहे. तसं आम्ही लिहितो. फक्त दुभाष्याच्या जागेसाठी कधी अर्ज करू नका."

मग त्यांनी मुद्देमाल मालकिणीला परत द्यायचा हुकूम केला आणि चपराशाला बाईंसाठी खुर्ची आणायला सांगितली. बाराला मी कोपऱ्यात उभा राहिलो, तो पाचपर्यंत. दुपारच्या सुट्टीत बसव्वाबाईंनी पोतं सोडलं, बरोबर आणलेली शेंगांची चटणी काढली आणि अदालतीच्या व्हरांड्यात पंगत बसवली. चपराशी जेवला. पेशकारानं पापड म्हटल्याबद्दल माफी मागून तीन भाकऱ्या खाल्ल्या. गफूरमियाँ तर म्हणाले, "अम्मा, और एक है क्या?" आत साहेबांनाही एक तुकडा गेला. मला काही मिळालं नाही. सजा भोगणाऱ्या मुल्जिमाला खायला देता येतं की नाही, ह्याबद्दल कुणालाच खात्री नव्हती आणि कुणी साहेबांना विचारायलाही गेलं नाही. शांतव्वा दारातून माझ्याकडं बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

नोकरी मला लागली. महिन्याभरानं मदरशात रुजू झालो. पुढं राज्य बदललं, शाळा मराठी झाली आणि माझी उर्दू उरली ती जुने कागद वाचण्यापुरती.

बसव्वाबाई मात्र पुढची वीस वर्षं ती हकिकत सांगत राहिल्या. जत्रा असो, लग्न असो, बारसं असो, पोरीबाळी भोवती जमायच्या आणि म्हणायच्या, "सायकलीचं सांगा की, अव्वा!" त्या सांगायच्या. पहिल्या वर्षी त्या हकिकतीत मी बराच होतो. पाचव्या वर्षी साहेबांनी त्यांना स्वतःच्या हातानं खुर्ची दिली आणि माझी साक्षच गळाली. दहाव्या वर्षापर्यंत सायकल उताराला आपोआप पळायला लागली होती.

शेवटी शेवटी त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हाही अंगणात पोरींची बैठक बसली होती आणि हकिकत रंगात आली होती. मी तिथंच, हातभर अंतरावर बाजेवर बसलो होतो. एका चिमुरडीनं मधेच विचारलं, "अव्वा, पर ती सायकल चालवत कोण हुतं?"

बसव्वाबाई थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी खूप आठवून बघितलं. मग माझ्याकडं वळून अगदी मनापासून विचारलं,

"कोण हुतं वो त्ये, जावईबापू?"